स्क्रीन प्रिंटिंगच्या छोट्या व्यवसायासाठी मशीनचा पैसा कसा उभा करायचा

छपाईचं काम वाढू लागलं की आधी नव्या मशीनचा विचार येतो आणि पाठोपाठ कर्जाचा. चौकशी सुरू होते ती "किती कर्ज मिळेल?" इथून. हा प्रश्न कर्ज देणाऱ्याच्या सोयीचा आहे. तुमच्या सोयीचा प्रश्न वेगळा आहे. दर महिन्याचा हप्ता फेडायला किती पीस जास्तीचे छापावे लागतील, आणि तेवढं काम देणारं गिऱ्हाईक आज तुमच्याकडे आहे का? या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता आलं तर पैसा कुठून आणायचा हे ठरवणं अवघड राहत नाही. ते देता येत नसेल तर स्वस्तातलं कर्जही गळ्याशी येतं.

हा लेख एक ते चार माणसांच्या, मुख्यतः टी-शर्ट आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या कारखान्यासाठी आहे. स्टिकर किंवा कागदावर छापणाऱ्यांनाही हिशेबाची पद्धत तशीच लागू पडते. उदाहरणांतले आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे, तुमच्या चलनात घालायचे.

पायरी १ : काम नक्की कुठे अडतंय ते शोधा

एक नेहमीची ऑर्डर निवडा. समजा ५० टी-शर्ट, दोन रंग. फिल्म (डिझाइनची पारदर्शक प्रत) काढणं, स्क्रीनच्या जाळीवर इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा थर) लावणं, वाळवणं, एक्स्पोज करणं (उजेड देऊन डिझाइन उमटवणं), स्क्रीन धुणं, प्रेसवर रजिस्टर जुळवणं (रंग एकमेकांशी नेमके बसवणं), प्रत्यक्ष छपाई, फ्लॅश (दोन रंगांच्या मधे शाई वरवर सुकवणं), क्युअरिंग (उष्णतेने शाई पक्की करणं), घडी आणि पॅकिंग, आणि शेवटी शाई-इमल्शन काढून स्क्रीन पुन्हा मोकळी करणं. प्रत्येक टप्प्याला लागलेली मिनिटं वहीत लिहा. दोन आठवडे प्रत्येक ऑर्डरला हे करा. डोक्यातला अंदाज इथे कामाचा नाही, कारण जो टप्पा कंटाळवाणा असतो तोच आपल्याला लांबलेला वाटतो.

बहुतेक छोट्या कारखान्यांत अडचण प्रेसवर नसते. ती स्क्रीन तयार करण्यात असते, नाहीतर शाई क्युअर करण्यात. प्लास्टिसोल (प्लास्टिकवर आधारित) शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला पूर्ण क्युअर होते, आणि तेवढं तापमान शाईच्या संपूर्ण थरात खालपर्यंत पोचावं लागतं. फ्लॅश युनिटखाली एकेक टी-शर्ट धरून क्युअर करणारा माणूस कितीही मन लावून काम करो, कडेला आणि मध्यभागी उष्णता सारखी मिळत नाही. दोन-तीन धुण्यांत छाप तडकतो आणि माल परत येतो. पाण्यावर आधारित शाईत आधी पाणी उडून जावं लागतं, त्यामुळे तिला उष्णतेत जास्त वेळ ठेवावं लागतं. अशा ठिकाणी सहा रंगांचा प्रेस आणून बसवला तर न क्युअर झालेल्या टी-शर्टचा ढीग जास्त वेगाने वाढतो, एवढंच. तिथे आधी कन्व्हेयर ड्रायर (सरकत्या पट्ट्यावर टी-शर्ट तापवणारी भट्टी) लागतो.

कर्ज काढण्याआधी फुकटात किंवा किरकोळ खर्चात काय सुधारतं तेही पाहा. ढिली पडलेली जाळी शाई नीट सोडत नाही, म्हणून माणूस स्क्वीजी (शाई जाळीतून ढकलणारी रबरी पट्टी) दोनदा ओढतो. जाळीचा ताण मोजण्याचं मीटर उसनं आणून फ्रेम तपासा. ताण दर सेंटिमीटरला २० न्यूटनच्या बराच खाली गेला असेल तर त्या फ्रेमची जाळी बदला. स्क्वीजीच्या रबराची धार गोल झाली असेल तर तेही बदला. छपाईचा बराचसा वेळ इथेच वाचतो, आणि त्यासाठी कुठल्याही बँकेची पायरी चढावी लागत नाही.

पायरी २ : मशीनची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे

कोटेशनवर लिहिलेली रक्कम ही सुरुवात असते. तिच्याखाली आणखी एक यादी करावी लागते, आणि ती यादी मशीन विकणारा करून देणार नाही. वाहतूक, उतरवून घेणं, बसवणं, कर, विमा. मग वीज. १० किलोवॉटचा इलेक्ट्रिक ड्रायर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर ४३ अँपिअरच्या वर विद्युतप्रवाह ओढतो. साध्या जोडणीवर हे चालत नाही. थ्री फेज घ्यायचं तर वाढीव भाराचा अर्ज, अनामत, नवीन केबल, नवा बोर्ड असा खर्च येतो, आणि मंजुरीला वेळ लागतो तो वेगळाच. ऑटोमॅटिक प्रेस बहुधा हवेच्या दाबावर चालतो. त्याला पुरेसा कॉम्प्रेसर हवा आणि त्या हवेतली ओल काढणारा एअर ड्रायरही हवा, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये पाणी जाऊन मशीन वरचेवर बंद पडतं. ड्रायरचा धूर बाहेर नेणारं धुराडं लागतं, स्क्रीन धुण्याच्या पाण्यासाठी गाळण आणि निचरा लागतो.

जागेचं एक काम पैसे भरण्याआधी नक्की करा. प्रेसचे हात पूर्ण पसरल्यावर होणारा व्यास विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि तेवढं वर्तुळ खडूने कारखान्याच्या जमिनीवर आखा. मग त्या वर्तुळाभोवती हातात ओला टी-शर्ट धरल्यासारखं करून ड्रायरपर्यंत चालून पाहा. कोपऱ्यातलं टेबल आडवं येतं का, दोन माणसं एकमेकांना धडकतात का, दार पूर्ण उघडतं का, हे पाच मिनिटांत कळतं. दाराची रुंदी आणि वर न्यायचं असेल तर जिन्याचं वळणही मोजा.

याशिवाय नव्या मापाच्या फ्रेम, जादा पॅलेट (टी-शर्ट चढवायच्या फळ्या), स्क्वीजी, शाईचा पहिला साठा, माणसाला शिकवण्यात जाणारे दिवस आणि शिकताना खराब होणारे पीस. हे सगळं मिळून मशीनच्या किमतीत मोठी भर पडते. कर्जाचा अर्ज करताना ही सगळी रक्कम धरूनच करा. मशीनपुरतं कर्ज घेऊन बाकीचा खर्च दुकानाच्या खेळत्या भांडवलातून केला की नव्या मशीनवर चढवायला कोरे टी-शर्ट आणायलाच पैसे उरत नाहीत.

एकूण रकमेत तीन महिन्यांचे हप्तेही धरा. मशीन बसून सुरळीत चालेपर्यंत हे पैसे लागतातच.

पायरी ३ : हप्ता पीसमध्ये मोजा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा एकूण गरज ३,००,०००. व्याज वर्षाला १२ टक्के, घटत्या शिलकीवर (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर), मुदत ३६ महिने. हप्ता येतो साधारण ९,९६४. तीन वर्षांत एकूण ३,५८,७१५ भरले जातात, म्हणजे व्याज ५८,७१५.

आता एका पीसमागे हातात काय उरतं ते काढा. गिऱ्हाईक कापड स्वतः देतं आणि दोन रंगांच्या छपाईचे तुम्ही ४० घेता असं धरू. शाई ३, वीज २, खराबी २, मदतनीसाची मजुरी ५. स्क्रीनचा खर्च स्वतंत्र काढायचा. दोन स्क्रीनची फिल्म, इमल्शन, रसायनं आणि त्यावर गेलेली मेहनत मिळून ३०० धरले, तर ५० पीसच्या ऑर्डरमध्ये पीसमागे ६ पडतात. एकूण १८ गेले, २२ उरले. ९,९६४ ला २२ ने भागा. महिन्याला ४५३ पीस.

हे ४५३ पीस जास्तीचे हवेत. आज जे छापताय त्यातून भाडं, पगार आणि घरखर्च भागतोय, तो तसाच भागत राहणार आहे. मशीनचा हप्ता मशीनने आणलेल्या कामातून किंवा मशीनने वाचवलेल्या मजुरीतून निघाला पाहिजे.

हाच हिशेब १२ पीसच्या ऑर्डरसाठी करून पाहा. स्क्रीनचे तेच ३०० आता १२ पीसांवर वाटले जातात, म्हणजे पीसमागे २५. एकूण खर्च ३७, उरतात फक्त ३. तोच हप्ता फेडायला महिन्याला ३,३०० च्या वर पीस लागतील. त्यामुळे तुमच्याकडे मुख्यतः छोट्या ऑर्डर येत असतील तर मोठा प्रेस हा उपायच नाही. तिथे आधी दर बदलायला हवेत, स्क्रीनचे पैसे वेगळे लावायला हवेत. कर्जाचा विचार त्यानंतर.

हिशेब चांगल्या महिन्यावर करू नका. गेल्या वर्षातला सगळ्यात मंद महिना घ्या आणि त्या महिन्यात हप्ता निघाला असता का ते पाहा. बँकाही जवळपास असाच विचार करतात. हप्त्याच्या निदान सव्वापट रक्कम दर महिन्याला शिल्लक राहते का, हे अनेक कर्जदाते पाहतात. वरच्या उदाहरणात ते १२,४५५ होतात, म्हणजे ५६७ पीस. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

मुदत वाढवली की हप्ता कमी होतो हे खरं. तेच कर्ज ६० महिन्यांचं केलं तर हप्ता ६,६७३ होतो आणि ३०४ पीसमध्ये भागतो. पण व्याज १,००,००० च्या वर जातं. माझं मत असं की काम चढउताराचं असेल तर लांब मुदत घ्यावी, पण मुदतपूर्व परतफेडीला दंड नसेल तरच. तेजीच्या महिन्यांत जादा भरायचं आणि मंदीत नुसता छोटा हप्ता द्यायचा. मात्र मुदत मशीनच्या उपयोगी आयुष्याहून लांब नको. चांगला मॅन्युअल प्रेस नीट राखला तर वर्षानुवर्षं चालतो. फिल्म काढणारा प्रिंटर आणि कॉम्प्युटर त्याहून खूप लवकर जुने होतात, त्यांच्यासाठी पाच वर्षांचं कर्ज घेऊ नका.

पायरी ४ : आधी मागणी सिद्ध करा

ज्या कामासाठी मशीन हवंय ते काम दोन-तीन महिने बाहेरून करून घ्या. म्हणजे ऑर्डर तुम्ही घ्यायची, स्क्रीन आणि डिझाइन तुमचं, छपाई मोठ्या कारखान्यात मजुरीवर. नफा थोडाच राहील. पण सहा रंगांच्या ऑर्डर खरोखर किती येतात, गिऱ्हाईक त्याचे वाढीव पैसे देतं का, पुन्हा येतं का, हे हातातल्या बिलांवरून कळेल. कर्जाच्या अर्जासोबत ही बिलं जोडली की त्यांचं वजन कुठल्याही अंदाजपत्रकापेक्षा जास्त असतं.

उलटही करता येतं. दुसऱ्या कारखान्याचा प्रेस ठरावीक दिवशी भाड्याने घेऊन स्वतः छापा. मशीन आपल्या हाताला बसतं का ते विकत घेण्याआधी समजतं.

पायरी ५ : पैसा कुठून आणायचा

सगळे मार्ग सारखे नसतात. मी ते साधारण ज्या क्रमाने तपासावेत त्या क्रमाने मांडतोय.

सगळ्यात स्वस्त पैसा गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्सचा. ऑर्डर पक्की करताना निम्मे पैसे घेण्याची शिस्त लावली तर खेळत्या भांडवलाची गरज बरीच उतरते आणि स्वतःची बचत मशीनकडे वळवता येते. कोऱ्या मालाच्या पुरवठादाराकडून ३० दिवसांची उधारी मिळाली तर आणखी मोकळीक मिळते. पण ॲडव्हान्सचे पैसे मशीनमध्ये घालायचे नाहीत. तो त्या ऑर्डरच्या कापडाचा आणि शाईचा पैसा आहे. तो मशीनच्या बयाण्यात गेला की ऑर्डर अडते आणि नाव जातं.

स्वतःची बचत वापरताना सगळी ओतू नका. कर्जदात्याला तुमचा काही हिस्सा दिसलाच पाहिजे, तेवढा घाला, पण दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच. घरच्यांकडून किंवा मित्राकडून उसने घेतले तर रक्कम, व्याज, परतफेडीची तारीख आणि उशीर झाला तर काय, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. लिहून घेतल्याने नात्यात परकेपणा येतो असं वाटतं, पण नाती बिघडतात ती तोंडी व्यवहारानेच.

शासकीय अनुदान, उद्योजकता योजना किंवा ठरावीक गटांसाठीची मदत तुमच्या भागात असेल तर जरूर पाहा. एक नियम लक्षात ठेवा. अनेक योजनांत मंजुरीआधी घेतलेल्या मशीनला मदत मिळत नाही, आणि काही ठिकाणी पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर परत मिळतात. म्हणून अर्ज आधी, खरेदी नंतर, आणि मधल्या काळाची सोय तुमची तुम्ही.

छोट्या रकमेसाठी पतसंस्था आणि सूक्ष्मकर्ज संस्था आहेत. तारण नसलेल्या माणसाला गटाच्या भरवशावर कर्ज देण्याची पद्धत बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेने जगभर माहीत करून दिली. ही बँक १९८३ मध्ये औपचारिकपणे बँक झाली, आणि २००६ मध्ये तिला व तिचे संस्थापक मुहम्मद युनूस यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. एक्स्पोजर युनिट, फ्लॅश किंवा फ्रेमचा संच एवढ्यासाठी हा मार्ग योग्य आहे. मात्र अशा कर्जांचे हप्ते बरेचदा आठवड्याचे असतात. तुमची बिलं ३० दिवसांनी वसूल होत असतील तर आठवड्याचा हप्ता जड जातो.

मुदतीचं बँक कर्ज हा मोठ्या मशीनसाठी सर्वसाधारणपणे सर्वांत बरा मार्ग. मशीनच तारण राहतं, काही वेळा वर आणखी तारण किंवा जामीनदार मागतात. कागदपत्रं जास्त, वेळ जास्त, व्याज कमी.

लीज म्हणजे मशीन त्यांचं, वापर तुमचा, दर महिन्याला भाडं. सुरुवातीला कमी पैसे लागतात हा मोठा फायदा. विचारायचा प्रश्न एकच, पण नेमका: मुदत संपल्यावर मशीन कुणाचं? काही करारांत नाममात्र रकमेत ते तुमचं होतं. काहींत तेव्हाच्या बाजारभावाने विकत घ्यावं लागतं, आणि तो बाजारभाव कोण ठरवणार हे करारात धड लिहिलेलं नसतं. लीज मधेच मोडता येते का, तेही पाहा. बऱ्याचदा येत नाही. उरलेलं सगळं भाडं भरावंच लागतं.

मशीन विकणारेही हप्ते देतात. सोयीचं असतं, पण रोखीचा भाव वेगळा मागून घ्या. "बिनव्याजी" हप्त्याचं व्याज किमतीत मिसळलेलं आहे का, ते त्या फरकात दिसतं.

आधी पैसे घेऊन नंतर माल देण्याची ऑनलाइन मोहीमही चालवता येते. २००९ मध्ये किकस्टार्टर सुरू झालं तेव्हापासून ही पद्धत सर्वांच्या ओळखीची झाली. ज्यांची स्वतःची डिझाइन आहेत आणि ज्यांना ओळखणारे लोक आहेत त्यांना हे जमतं. फक्त मजुरीवर छापून देणाऱ्याला सहसा जमत नाही.

शेवटी रोजच्या विक्रीतून कापून घेणारी आगाऊ रक्कम. ही दोन दिवसांत मिळते आणि म्हणूनच मोह पडतो. समजा १,००,००० घेतले आणि सहा महिन्यांत १,३०,००० परत करायचे. ऐकायला "३० टक्के" वाटतात. पण पैसे दर महिन्याला परत जात असल्याने पूर्ण १,००,००० तुमच्याकडे सहा महिने राहतच नाहीत. हिशेब मांडला तर महिन्याला सुमारे ८ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ९७ टक्के पडतात. मशीन घेण्यासाठी हा पैसा कधीही वापरू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकीही याच मार्गाने जाते.

पायरी ६ : व्याज कसं मोजतात ते विचारा

"१२ टक्के" एवढं ऐकून दोन कर्जांची तुलना करता येत नाही. घटत्या शिलकीवरचं व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं. फ्लॅट दरात ते शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण मूळ रकमेवर लागतं. आपल्या उदाहरणात १२ टक्के फ्लॅट म्हणजे तीन वर्षांचं व्याज १,०८,०००, हप्ता ११,३३३. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सुमारे २१ टक्के आहे. आणि पीसमध्ये मोजलं तर ४५३ ऐवजी ५१६. व्याज मोजण्याची पद्धत बदलली म्हणून दर महिन्याला ६३ टी-शर्ट तुम्ही कर्जदात्यासाठी छापताय.

म्हणून प्रत्येक ठिकाणी तीनच आकडे लेखी मागा: हातात प्रत्यक्ष किती रक्कम येणार, हप्ता किती आणि एकूण किती हप्ते. प्रक्रिया शुल्क, विमा, कागदपत्रांचा खर्च आधीच कापून घेतला जात असेल तर हातात येणारी रक्कम कमी असते आणि खरा दर चढतो. हे तीन आकडे स्प्रेडशीटच्या रेट फॉर्म्युल्यात घातले की महिन्याचा खरा दर मिळतो.

सुरुवातीचे काही महिने हप्ता नाही, अशी सवलत मिळाली तर ती घ्यावी, पण ती फुकट नसते. ३,००,००० वर तीन महिने व्याज साचलं तर १२ टक्क्यांनी मुद्दल ३,०९,००० च्या वर जातं. मशीन यायला, वीज जोडायला आणि हात बसायला तेवढा वेळ लागणारच असेल तर हा सौदा ठीक आहे.

पायरी ७ : जुनं मशीन घ्यायचं असेल तर

गोल फिरणाऱ्या बहुरंगी प्रेसचं पेटंट अमेरिकेत मायकल व्हॅसिलँटोन यांना १९६९ मध्ये मिळालं. मॅन्युअल प्रेसचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. मधे खांब, वर हेड (स्क्रीन धरणारे हात), खाली पॅलेट, आणि सगळं पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन टेकलं पाहिजे. त्यामुळे चांगला जुना मॅन्युअल प्रेस घेणं हा पैसे वाचवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि पुढे विकतानाही त्याला भाव येतो. ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिथे कंट्रोल बोर्ड आणि सुटे भाग मिळतात का यावर सगळं अवलंबून असतं.

बघायला जाताना स्वतःची एक स्क्रीन, थोडी शाई आणि सरळ धातूची पट्टी घेऊन जा. एक हेड खाली आणून टेकवा, त्याचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवा. जागचं हलता कामा नये. बेअरिंग झिजलेलं असेल तर बोटांना लगेच कळतं, विक्रेता काहीही सांगो. पट्टी पॅलेटवर आडवी-तिरकी ठेवून खाली उजेड दिसतो का पाहा. मग बारीक फुलीची खूण असलेली स्क्रीन लावून एकाच टी-शर्टवर, दर वेळी हेड उचलून आणि पॅलेट पूर्ण फिरवून, दहा वेळा छापा. फुली एकच दिसली तर प्रेस चांगला. जाड किंवा दुहेरी झाली तर बारीक कामाला तो उपयोगी नाही. हे सगळ्या हेडवर करा. वेळ लागतो म्हणून विक्रेता कुरकुर करत असेल तर तीसुद्धा माहितीच आहे.

ड्रायर थंड असताना बघू नका. आधी फोन करून तापवून ठेवायला सांगा. तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या तीन टी-शर्टवर लावून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे एकाच वेळी सोडा. तिन्हीत मोठा फरक असेल तर हीटर गेलेला आहे. ड्रायरच्या सरकत्या पट्ट्याच्या कडा उसवल्यात का तेही पाहा. एक्स्पोजर युनिटमध्ये दिव्याचे तास विचारा, कारण मेटल हॅलाइड दिवे वापराने मंद होत जातात. व्हॅक्यूमच्या रबराला चिरा असतील तर फिल्म नीट चिकटत नाही आणि बारीक रेषा जातात.

व्यवहाराआधी मूळ बिल, सिरियल नंबर आणि मशीनवर कुणाचं कर्ज बाकी नाही याचा पुरावा घ्या. दुसऱ्याकडे तारण असलेलं मशीन तुम्ही पूर्ण पैसे देऊन घेतलं तरी ते उचलून नेलं जाऊ शकतं. आणि बँकेशी आधीच बोला, कारण सगळेच कर्जदाते जुन्या मशीनला कर्ज देत नाहीत. देतात ते कमी मुदतीचं देतात.

पायरी ८ : अर्जाची फाइल

फाइल जाड नको, नेमकी हवी. व्यवसायाची नोंदणी, ओळखीची आणि जागेची कागदपत्रं, १२ महिन्यांचे बँक खात्याचे उतारे, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, करविवरणपत्रं, मशीनची निदान दोन कोटेशन, आणि एक दोन पानी टिपण. या टिपणात पायरी १ ते ४ चं काम मांडा. काम कुठे अडतंय, मशीनने महिन्याला किती पीस वाढतील, पीसमागे किती उरतं, मंद महिन्यात हप्ता कसा निघेल, आणि बाहेरून छापून घेतलेल्या कामाची बिलं. समोरच्या अधिकाऱ्याला इमल्शन आणि जाळी कळत नाही, पण "मंद महिन्यातही सव्वापट शिल्लक" हे लगेच कळतं.

व्यवसायाचे व्यवहार घरच्या खात्यातून होत असतील तर अर्जाच्या सहा महिने आधी वेगळं खातं उघडा आणि रोखीची विक्रीही त्यात भरा. जी विक्री खात्यात दिसत नाही ती कर्जदात्यासाठी झालेलीच नसते.

कारखाना पाहायला माणूस येतो. त्या दिवशी काम चालू असू द्या.

पायरी ९ : सही करण्याआधी

करार घरी आणून वाचा. समजून देणारा माणूस लागला तर त्याला पैसे द्या, ते वसूल होतात. व्याजदर स्थिर की बदलता, मुदतीआधी फेडल्यास दंड किती, उशिराचा दंड कसा मोजतात, तारणात फक्त मशीन आहे की घरही, जामीनदाराची जबाबदारी कुठवर, हे पाहा. राहतं घर तारण ठेवून प्रेस घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. मशीन तोट्यात गेलं तर ते विकून सुटता येतं, घराचं तसं होत नाही.

पैसे बहुधा थेट विक्रेत्याला जातात. तेव्हा विक्रेत्याशी ठरवून घ्या की काही रक्कम मशीन बसून चाचणी छपाई झाल्यावरच मिळेल. पहिला हप्ता कुठल्या तारखेपासून, आणि मशीन उशिरा आलं तर तो पुढे सरकतो का? बऱ्याचदा सरकत नाही, म्हणून पायरी २ मधली तीन महिन्यांची तजवीज.

पायरी १० : मशीन आल्यानंतर

हप्त्याचं वेगळं खातं ठेवा आणि दर आठवड्याला त्यात एक चतुर्थांश रक्कम टाका. भिंतीवर लिहिलेल्या पीसच्या आकड्याशेजारी दर शनिवारी झालेले जास्तीचे पीस मांडा. सलग दोन महिने आकडा खाली राहिला तर तिसऱ्या महिन्याची वाट न पाहता विक्रीच्या मागे लागा. इतर छोट्या कारखान्यांना मजुरीवर छापून द्या. नवं मशीन रिकामं उभं राहण्यापेक्षा कमी नफ्याचं काम बरं.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकण्याआधी जाऊन भेटा. मुदत वाढवणं किंवा दोन महिने फक्त व्याज भरणं अशा गोष्टी आधी मागितल्या तर मिळू शकतात. थकल्यावर तीच मागणी करायला गेलं की दंड आणि नोंद दोन्ही झालेलं असतं.

शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजू नका. कर्ज फिटल्याचं नाहरकत पत्र घ्या, मशीनवरची तारणाची नोंद उतरवून घ्या, जामीनदाराला मोकळं केल्याचं लेखी घ्या आणि दिलेले कोरे धनादेश परत मागा. हे कागद मूळ बिलासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढे मशीन विकताना घेणारा हेच कागद आधी मागेल.